कॅमेऱ्याची दिशा आणि कचेरीचे कर्तव्य

१ ऑगस्ट २०१४ रोजी जुन्या ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा त्या निर्णयामागे जी अनेक कारणे सांगितली गेली, त्यांपैकी सामान्य माणसाच्या जिव्हाळ्याचे कारण एकच होते: मोखाडा, जव्हार, तलासरी, विक्रमगड यांसारख्या दूरच्या तालुक्यांतील आदिवासी खातेदाराला एका दाखल्यासाठी किंवा अपिलाच्या एका तारखेसाठी ठाण्यापर्यंत जाणे भाग पडू नये. पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगाव येथे जिल्हाधिकारी कचेरीची प्रशस्त इमारत उभी राहिल्यानंतर हे अंतर पुष्कळ आटले, यात संशय नाही. तथापि ते नाहीसे झाले नाही. मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरून निघून, घाट उतरून, एसटी बदलत पालघर गाठणाऱ्या माणसाचा आख्खा दिवस आजही त्या प्रवासातच खर्ची पडतो, आणि ज्या दिवशी तो कचेरीत हजर राहतो त्या दिवशीच्या मजुरीला तो मुकतो. या दृष्टीने पाहता, कचेरीतल्या कारकुनापासून गावच्या सरपंचापर्यंत सारे जिला सरसकट ‘व्हीसी’ म्हणतात, ती दूरदृश्य सुनावणी हे या जिल्ह्यावर झालेले मोठे उपकारच म्हटले पाहिजेत. तालुक्याच्या गावी, किंबहुना आपल्या ग्रामपंचायतीच्या खोलीत बसून, माणूस आपली कैफियत जिल्ह्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे मांडू शकतो.

परंतु या नव्या वाटेच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढा जो कॅमेरा बसविलेला असतो, तो सरळ आहे की तिरपा, त्यातून माणसाचा चेहरा दिसतो की छताचा पंखा, याची पाहणी करणे हे बहुधा कोणाचेच काम नसते. ते कोणाचे तरी काम असले पाहिजे, आणि ते काम कचेरीचे आहे, अर्जदाराचे नव्हे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्या सुनावणीवर एखाद्या कुटुंबाची दोन एकर जमीन अवलंबून असते, तिच्यातली कोणतीही गोष्ट क्षुल्लक मानण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

या प्रतिपादनाला कायद्याचा आधार आहे, आणि तो महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून आलेला आहे. मुंबईतील एका शल्यविशारदावर कर्करोगाच्या रुग्णाच्या उपचाराबाबत झालेल्या फिर्यादीत न्यूयॉर्कच्या एका कर्करोगतज्ज्ञाची साक्ष आवश्यक होती. तो साक्ष देण्यास राजी होता, परंतु हिंदुस्थानात येण्यास तयार नव्हता. दूरदृश्य पद्धतीने त्याची साक्ष नोंदविण्याची परवानगी खालच्या न्यायालयाने दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि अखेरीस १ एप्रिल २००३ रोजी ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा बहाल केली. आरोपीच्या समक्ष साक्ष घेतली पाहिजे, या दंडकाला देहाने एकाच खोलीत असण्याची अट बांधलेली नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र असे म्हणताना न्यायालयाने कशाचा हवाला दिला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पडद्यावर साक्षीदार स्पष्ट दिसतो, त्याचा आविर्भाव न्यायाधीशाला आणि आरोपीला न्याहाळता येतो, ही त्या निकालाच्या मुळाशी असलेली भूमिका होय. अर्थात दूरस्थ हजेरीचे सारे कायदेशीर सामर्थ्य त्या स्पष्ट दिसण्यावर उभे आहे. दिसणेच जेथे सदोष, तेथे हजेरीही सदोष, हा त्या निकालातून सरळ निघणारा अर्थ आहे.

पुढे महामारीच्या काळात, ६ एप्रिल २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील न्यायालयांचे काम दूरदृश्य पद्धतीने चालविण्याबाबत आदेश दिले, आणि त्याच वर्षी न्यायालयाच्या ई-समितीने नमुना नियम तयार केले. त्या नियमांत कॅमेरा, ध्वनिक्षेपक, कागदपत्रे दाखविण्याचे यंत्र, पुरेसा प्रकाश, शांत आणि सुरक्षित जागा, या साऱ्यांचा उल्लेख आहे. इतकेच नव्हे, तर न्यायालयाच्या टोकाला आणि दूरच्या टोकाला अशा दोन्ही ठिकाणी एकेक समन्वयक असावा, अशी तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर चौकशी आणि खटल्याची जवळजवळ सर्व कार्यवाही इलेक्ट्रॉनिक माध्यमातून चालविण्याची मुभा दिली आहे. न्यायालयांनी हा विचार केला. पण सामान्य माणसाचा संबंध न्यायालयापेक्षा महसूल कचेरीशी अधिक येतो. फेरफाराची हरकत, भूसंपादनाची तक्रार, २००६ च्या कायद्याखालील वनहक्काचा दावा आणि त्यावरील उपविभागीय व जिल्हास्तरीय समितीपुढील अपील, माहितीच्या अधिकाराची सुनावणी, ही त्याची खरी न्यायालये आहेत. तेथेही हाच शिरस्ता लागू करण्याची निकड आहे.

कॅमेऱ्याच्या दिशेचे दोष मुख्यतः तीन प्रकारचे असतात: चित्र उलटे येणे, चित्र आडवे येणे, आणि चित्र डावे-उजवे पालटल्यासारखे वाटणे. तिन्हींची कारणे वेगळी, आणि तिन्हींवरचे उपाय सोपे आहेत.

चित्र उलटे येण्यात वस्तुतः काही अघटित नाही. भिंगातून येणारी प्रत्येक प्रतिमा उलटीच पडते. आपल्या डोळ्याच्या पडद्यावरही जग उलटेच उमटते, हे केप्लरने १६०४ साली दाखवून दिले. कॅमेऱ्याच्या आत ही प्रतिमा टिपणारी चकती ती उलट्या क्रमाने वाचते, म्हणून आपल्याला ती सुलटी दिसते. काही लॅपटॉपांच्या झाकणात जागेच्या अडचणीमुळे कॅमेराच डोके खाली करून बसविलेला असतो, आणि त्या नमुन्यासाठी कंपनीने दिलेला ड्रायव्हर चित्र पुन्हा फिरवून सरळ करतो. यंत्र बिघडले, दुरुस्तीला गेले, त्यावर नवी प्रणाली चढविली गेली, आणि कंपनीच्या ड्रायव्हरऐवजी सर्वसाधारण ड्रायव्हर बसला, की ती दुरुस्ती नाहीशी होते आणि माणूस डोके खाली, पाय वर असा दिसू लागतो. हा प्रकार इतका परिचित आहे की, लिनक्स प्रणालीतील व्हिडिओ हाताळणाऱ्या भागात अशा उलट कॅमेऱ्यांच्या लॅपटॉपांची एक यादीच ठेवलेली असते, आणि यंत्राचे नाव त्या यादीत सापडले की प्रणाली स्वतःच चित्र उलटवून घेते. अन्यत्र उपाय हाताने करावा लागतो. मूळ ड्रायव्हर पुन्हा बसविणे हा त्यातला उत्तम मार्ग. ते तत्काळ शक्य नसेल, तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्जच्या कॅमेरा विभागात चित्र फिरविण्याची सोय आहे, आणि झूममध्ये व्हिडिओच्या सेटिंगमधील आपल्याच चित्रावर बाण नेला असता ते नव्वद अंशांनी फिरविण्याची कळ दिसते. ती दोनदा दाबली की उलटा माणूस सुलटा होतो. एवढ्या कामाला अर्धे मिनिटही पुरते.

येथे कोणी म्हणेल की, चित्र उलटे असले तरी माणूस ओळखू येतो, आवाज ऐकू येतो, मग बिघडते कुठे? बिघडते ते असे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यिन यांनी १९६९ साली असे दाखविले की, इतर वस्तूंच्या मानाने माणसाचा चेहरा उलटा झाला की तो ओळखणे विशेष कठीण जाते. १९८० साली पीटर थॉम्पसन यांनी तर मार्गारेट थॅचर यांच्या छायाचित्रातील केवळ डोळे आणि तोंड उलटवून दाखविले. ते छायाचित्र डोके खाली करून पाहिले तर कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही, आणि सरळ करून पाहिले तर मात्र तो चेहरा भयंकर दिसतो. तात्पर्य, उलट्या चेहऱ्यावरील भाव वाचण्याची आपली शक्ती बरीच उणावते. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर भीती आहे की संताप, तो प्रश्न समजून उत्तर देतो आहे की न समजता मान डोलावतो आहे, हे उलट्या चित्रातून अधिकाऱ्याला नीट कळत नाही. उलटा चष्मा घालून जगणाऱ्या माणसाची दृष्टी काही दिवसांत सरावते, असे जॉर्ज स्ट्रॅटन यांच्या १८९६-९७ च्या प्रयोगांतून दिसले होते, हे खरे. पण अधिकाऱ्यापुढे प्रत्येक अर्जदार येतो तो काही मिनिटांसाठी. त्या अवधीत त्याची दृष्टी सरावण्याची वाट पाहत बसणे अर्जदाराला परवडणारे नाही.

आडव्या चित्राचा दोष मुख्यतः मोबाइलचा आहे. मोबाइलमध्ये पृथ्वीच्या ओढीची दिशा ओळखणारा संवेदक असतो, आणि फोन उभा आहे की आडवा हे तो त्यावरून ठरवितो. फोन टेबलावर जवळजवळ पालथा किंवा उताणा ठेवला, की त्या संवेदकाला दिशा नीट कळत नाही आणि पूर्वीचीच दिशा कायम राहते. किंवा फोनचे फिरणे कोणी बंद करून ठेवलेले असते. ग्रामपंचायतीच्या खोलीत, पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेल्या फोनवर सुनावणी चाललेली आहे, फोन हळूहळू घसरत उताणा होत आहे, आणि त्यापुढे बसलेला वृद्ध शेतकरी पडद्यावर प्रथम आडवा, मग केवळ कपाळ आणि टोपी, मग नुसते छत, असा क्रमाक्रमाने अदृश्य होत आहे, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला या प्रश्नाचे गांभीर्य समजावून सांगावे लागणार नाही. म्हातारा बोलतच असतो. आपण दिसेनासे झालो आहोत याची त्याला वार्ता नसते, आणि समोरून कोणी तसे सांगत नाही. फोन आडवा धरून, घट्ट टेकू देऊन, डोळ्यांच्या पातळीवर उभा करणे, आणि बोलणे सुरू होण्यापूर्वीच त्याचे फिरणे चालू आहे याची खात्री करणे, एवढाच यावरचा उपाय आहे. पंचायतीच्या खोलीत एक साधा फोन-स्टँड ठेवण्याचा खर्च कोणत्याही पंचायतीला जड जाणारा नाही.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे, कारण त्यात दोष नसून दोषाचा भास आहे. व्हिडिओवर बोलताना आपले स्वतःचे चित्र आपल्याला आरशासारखे पालटून दाखविले जाते. समोरच्याला मात्र ते खरे, म्हणजे न पालटलेले, दिसते. अशी योजना करण्याचे कारण माणसाच्या स्वभावात आहे. आयुष्यभर आरशात पाहिल्यामुळे आपल्याला आपला आरशातला चेहरा अधिक रुचतो, आणि आपल्या मित्रांना आपला खरा चेहरा अधिक रुचतो, असे १९७७ साली मीटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी दाखवून दिले होते. पण या योजनेची जाण नसलेल्या माणसाची त्रेधा उडते ती कागद दाखविताना. अधिकारी म्हणतो, सातबारा दाखवा. अर्जदार उतारा कॅमेऱ्यापुढे धरतो. आपल्या पडद्यावर त्याला सारी अक्षरे उलटी दिसतात. आपली चूक झाली असे वाटून तो कागद फिरवितो, पालथा करतो, पुन्हा सुलटा करतो. आणि जो उतारा समोर पहिल्याच क्षणी व्यवस्थित वाचता येत होता, तो या धांदलीत वाचता येईनासा होतो. सुनावणीचा वेळ संपतो, आणि कागद ‘सुस्पष्ट दाखविता आला नाही’ असा शेरा पडण्याची पाळी येते. ‘तुम्हाला उलटे दिसले तरी मला सुलटे दिसते, कागद हलवू नका,’ हे एक वाक्य अधिकाऱ्याने वेळीच उच्चारले, तर हा सारा अनर्थ टळतो.

दिशेच्या या तीन प्रकारांबरोबर उंचीचा आणि प्रकाशाचा विचार करणे प्राप्त आहे. खिडकीकडे पाठ करून बसलेला माणूस कॅमेऱ्याला काळ्या सावलीसारखा दिसतो. त्याने खिडकीकडे तोंड केले की चेहरा उजळतो, आणि यासाठी विजेच्या दिव्याचीही गरज पडत नाही. कॅमेरा छातीच्या खाली असला की नाकपुड्या आणि हनुवटी दिसतात. फार उंच असला की माणूस खाली दडपल्यासारखा दिसतो. चेहरा, खांदे आणि हात एका चौकटीत यावेत, एवढ्या अंतरावर कॅमेरा असावा. हात दिसणे यासाठी महत्त्वाचे की, बोलताना माणूस हातांनी पुष्कळ काही सांगत असतो, आणि त्याला शेजारून कोणी पढवीत तर नाही ना, हेही त्या चौकटीतून कळते. नजरेबाबत मिल्टन चेन यांनी २००२ साली केलेला अभ्यास असे सांगतो की, समोरचा माणूस कॅमेऱ्याच्या किंचित खाली पाहत असेल तर तो आपल्याकडेच पाहतो आहे असे आपल्याला वाटते. डावी-उजवीकडे किंवा वर पाहत असेल तर मात्र नजर चुकविल्याचा भास होतो. म्हणून कॅमेरा पडद्याच्या माथ्यावर, मधोमध असावा, आणि बोलणाऱ्याचे चित्र त्याच्या लगत खाली असावे. बाजूच्या टेबलावर कॅमेरा आणि समोरच्या भिंतीवर पडदा अशी व्यवस्था केली की प्रामाणिक माणूसही नजर चोरणारा दिसू लागतो, आणि साक्षीची पारख करणाऱ्याच्या मनावर त्याचा परिणाम होत नाही असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही.

आता कचेरीच्या टोकाकडे पाहावे. सभागृहातील मोठ्या पडद्यावर सारे तालुके चौकटीचौकटींतून दिसतात. पण त्या पडद्याच्या वर, भिंतीवर उंच बसविलेल्या कॅमेऱ्यातून तालुक्याच्या माणसाला जे दिसते, ते म्हणजे एक लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि दूरवर अधिकाऱ्यांचे माथे. आपण ज्याच्यापुढे आपले गाऱ्हाणे मांडतो आहोत तो अधिकारी कोणता, तो आपल्याकडे पाहतो आहे की फायलीकडे, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. कचेरीत प्रत्यक्ष उभ्या राहिलेल्या माणसाला एवढे तरी समजते की साहेबांनी मान वर केली. ज्याचे चित्र सरळ आणि जवळून दिसते, त्याचे म्हणणे कानांवर अधिक पडते, हा मनुष्यस्वभाव आहे. आणि ज्याला समोरच्याचा चेहरा दिसतो तोच निर्धास्तपणे बोलू शकतो, हाही मनुष्यस्वभावच आहे. तेव्हा सुनावणीच्या प्रसंगी अधिकाऱ्याच्या टेबलावर त्याच्या चेहऱ्याच्या पातळीवर एक स्वतंत्र कॅमेरा असावा, आणि त्याने प्रारंभी आपले नाव व पद सांगावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आरोग्याच्या क्षेत्रात हाच प्रश्न अधिक तातडीचे रूप धारण करतो. मोहालीच्या सी-डॅक संस्थेने तयार केलेली केंद्र शासनाची ई-संजीवनी सेवा २०१९ च्या नोव्हेंबरात आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी सुरू झाली, आणि १३ एप्रिल २०२० पासून तिची बाह्यरुग्ण शाखाही खुली झाली. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवितो आणि दूरच्या डॉक्टरचा सल्ला घेतो. जव्हार-मोखाड्यासारख्या भागात, जेथे विशेषज्ञ डॉक्टर हाताशी असणे दुर्मीळ, तेथे या सेवेचे मोल मोठे आहे. पण मुलाच्या पायावरील पुरळ दाखविताना कॅमेरा तिरपा असला, प्रकाश पाठीमागून येत असला, तर लाल चट्टा तपकिरी दिसतो आणि सूज सपाट दिसते. डाव्या-उजव्याचा घोटाळा तर येथे प्रत्यक्ष धोक्याचा ठरू शकतो, कारण उपकेंद्राच्या पडद्यावर रुग्णाचे चित्र आरशासारखे पालटलेले, आणि डॉक्टरच्या पडद्यावर खरे, अशी स्थिती असू शकते. ‘हा डोळा’ किंवा ‘ही बाजू’ असे न म्हणता ‘उजवा डोळा’, ‘डावा गुडघा’ असे दोन्ही टोकांनी मोठ्याने उच्चारणे आणि त्याच शब्दांत लिहून ठेवणे, हा नियम प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर लिहिला गेला पाहिजे. प्रत्यक्ष तपासणीची गरज आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनी डॉक्टरच्या विवेकावर सोपविलेला आहे. पण तो विवेक वापरण्यासाठी डॉक्टरला आधी नीट दिसले तर पाहिजे.

बोईसर-तारापूरच्या परिसराला हे सांगण्याची तितकी गरज भासू नये, असे वाटते. १९६९ साली देशातील पहिल्या अणुवीजकेंद्राच्या दोन भट्ट्या येथे सुरू झाल्या, २००५-०६ मध्ये ५४० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्यांची भर पडली, आणि लगतच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांपासून पोलादापर्यंतचे कारखाने उभे राहिले. पाळी बदलताना यंत्राचा काटा, झडप, दाब तपासून मगच काम हाती घ्यायचे, ही शिस्त येथल्या हजारो कामगारांच्या अंगवळणी पडलेली आहे. याच परिसरातील निवृत्त मंडळी सकाळी सात वाजता, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यातील आदल्या रात्रीच्या साडेनऊला, आपल्या नातवंडांशी बोलतात. आणि आजीचा चेहरा दिसावा म्हणून पुस्तकांच्या चळतीवर लॅपटॉप ठेवण्याची, खिडकीचा पडदा सरकविण्याची काळजी त्या घरांतून मोठ्या आस्थेने घेतली जाते. ज्या आस्थेने आपण आपल्या माणसाला पडद्यावर नीट दिसू देतो, तिचा हक्कदार कचेरीच्या दाराशी आलेला परका माणूसही आहे. याच अणुवीजकेंद्राच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली, त्यांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. तारीख, सुनावणी आणि आपले म्हणणे ऐकले जाणे यांचे मोल या किनाऱ्याला कोणी नव्याने सांगावे असे नाही.

या सूचनांवर तीन आक्षेप येतील. पहिला असा की, जेथे मोबाइलची रेंजच नाही आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेथे कॅमेऱ्याच्या कोनाची चर्चा कशासाठी? रेंज आणि वीज हे मोठे प्रश्न आहेत, आणि ते सुटलेच पाहिजेत. परंतु ते सुटण्यास पैसा आणि वर्षे लागतील; कॅमेरा सरळ करण्यास दोहोंपैकी काहीही लागत नाही, आणि सरळ चित्राला तिरप्या चित्राहून अधिक रेंज लागत नाही. दुसरा आक्षेप असा की, अर्जदार स्वतःच्या फोनवरून सामील झाला तर त्याच्या फोनची जबाबदारी कचेरीवर कशी? याचे उत्तर असे की, सुनावणी कचेरीची आहे, पद्धत कचेरीने निवडलेली आहे, आणि पद्धत निवडणाऱ्याने तिची व्यवस्था पाहावी हा न्याय आहे. अक्षरओळख नसलेल्या माणसाला तोंडी सूचना देऊन फोन सरळ करायला लावणे समन्वयकाला दोन मिनिटांत जमू शकते, मात्र ते त्याच्या बोलीत सांगितले पाहिजे; वारली, कोकणा, वाडवळी, मांगेली बोलणाऱ्या माणसाला ‘ओरिएंटेशन’ सांगून भागणार नाही, ‘फोन आडवा धर, असा, माझ्या हातासारखा’ असे दाखवून सांगावे लागेल. तिसरा आक्षेप, की त्यापेक्षा माणसाला प्रत्यक्षच बोलवावे. ज्याला प्रत्यक्ष यायचे आहे त्याचा तो हक्क अबाधित राहिलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु तिरप्या कॅमेऱ्याचे निमित्त करून मोखाड्याच्या माणसाला पुन्हा घाट उतरायला लावणे हे आपल्या हयगयीचा भुर्दंड त्याच्या माथी मारण्यासारखे होईल.

सातपाटीच्या बंदरावर मासळीचा तोल सुरू होण्यापूर्वी काटा मध्यावर आहे की नाही हे घेणारा आणि देणारा दोघेही पाहून घेतात, आणि काटा ढळलेला असेल तर मासळी कितीही ताजी असली तरी तोल थांबतो. सुनावणीच्या कॅमेऱ्याची तीच गोष्ट आहे. यासाठी जिल्हा प्रशासनाने करावयाची तजवीज अगदी मोजकी आहे. प्रत्येक तहसील कचेरीत एका कर्मचाऱ्याकडे दूरदृश्य सुनावणीच्या दूरच्या टोकाची जबाबदारी लेखी हुकमाने सोपवावी. दुरुस्तीहून परत आलेल्या प्रत्येक लॅपटॉपचा कॅमेरा, पंखा आणि पडदा तपासल्याखेरीज तो दप्तरात जमा करून घेऊ नये. सुनावणीची पहिली दोन मिनिटे दोन्ही टोकांचे चित्र, आवाज आणि प्रकाश यांच्या तपासणीसाठी राखून ठेवावीत, आणि ती अर्जदाराच्या वेळातून कापू नयेत. मध्येच कोणाचे चित्र ढळले, तर ते लक्षात आणून देणे ही अधिकाऱ्याची जबाबदारी मानावी.

आणि सर्वांत शेवटी, प्रत्येक सुनावणीच्या रोजनाम्यात एका ओळीची नोंद सक्तीची करावी: अर्जदार सरळ व स्पष्ट दिसत होता, त्याचे म्हणणे ऐकू येत होते, आणि अधिकारी त्याला दिसत होता. अशी नोंद ज्या रोजनाम्यात नाही त्या सुनावणीत अर्जदाराविरुद्ध निकाल देता येणार नाही, ती त्याच्या खर्चाविना पुन्हा घ्यावी लागेल, असा दंडक एकदा घालून दिला, की जिल्ह्यातला एकही कॅमेरा तिरपा राहणार नाही. असा हुकूम काढण्यासाठी मुंबईकडे पाहण्याचे कारण नाही. आपल्या कचेरीपुरता आणि आपल्या अखत्यारीतील सुनावण्यांपुरता तो काढण्यास जिल्ह्याचे प्रशासन समर्थ आहे, आणि तो त्याने विनाविलंब काढावा.